राजा-मुंजे करारातील राजा

चेन्नईच्या विमानतळाकडून शहरात येताना डाव्या हाताला एक टेकडी लागते. इंग्रजीत तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात, तमिळमध्ये परंगीमलै. सैन्यदलाची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी याच परिसरात असल्याने महाराष्ट्रातील अनेक घरांना हे नाव दीक्षान्त संचलनाच्या निमित्ताने ठाऊक झाले आहे. मात्र आपल्या राजकारणाच्या एका निर्णायक वळणावर ज्याची सही आहे, तो माणूस याच टेकडीच्या पायथ्याशी जन्मला, हे मराठी माणसाला सहसा माहीत नसते. पुणे कराराचा इतिहास वाचताना ‘राजा-मुंजे करार’ हा शब्दप्रयोग आपण नेहमी ऐकतो. त्यातील मुंजे म्हणजे नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे, हे सांगावे लागत नाही. राजा हे संस्थानिक असावेत असा समज मात्र चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळतो.

मैलाई चिन्नतंबी पिल्लई राजा हे संस्थानिक नव्हते, शाळामास्तर होते. तमिळ समाजातील परैयर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत १७ जून १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वेस्लियन मिशनच्या शाळेत आणि पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात ते शिकले, शिक्षक झाले, शाळांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. सनदशीर राजकारण करणाऱ्या त्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यांचाही सार्वजनिक प्रवेश शिक्षणाच्या दाराने झाला. १९१६ साली ते आदि-द्रविड महाजन सभेचे चिटणीस झाले. त्याच वर्षी मद्रासेत ब्राह्मणेतर चळवळीने राजकीय रूप घेतले आणि पुढे जस्टिस पक्ष म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेची पायाभरणी झाली. राजा आरंभापासून त्या पक्षाबरोबर होते.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२० साली मद्रास विधिमंडळ नव्याने अस्तित्वात आले तेव्हा राजांची त्यावर नेमणूक झाली. मद्रास विधिमंडळातील ते अस्पृश्य समाजाचे पहिले प्रतिनिधी. डॉ. आंबेडकर मुंबई विधिमंडळावर नियुक्त झाले ते १९२७ साली. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी सभागृहात उभा राहून अर्थसंकल्पावर बोलतो, हे दृश्य मद्रासने आंबेडकरांच्या नियुक्तीच्या काही वर्षे आधी पाहिले. त्या वेळी मद्रासचे गव्हर्नर होते लॉर्ड विलिंग्डन, मुंबईची कारकीर्द आटोपून तिकडे गेलेले. पुढे १९३२ मध्ये हेच विलिंग्डन व्हाइसरॉय म्हणून पुन्हा राजांच्या गोष्टीत येतात.

विधिमंडळातील राजांचे आरंभीचे काम वरवर पाहता नावाचे होते. सरकारी कागदपत्रांत ‘पंचम’ आणि ‘परैया’ हे शब्द सर्रास वापरले जात. ते काढून ‘आदि-द्रविड’ आणि तेलुगू भागासाठी ‘आदि-आंध्र’ असे लिहावे, असा ठराव त्यांनी १९२२ मध्ये आणला, तो संमत झाला आणि सरकारने त्यानुसार आदेश काढला. अधिकारी वर्गातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको की, नोंदवहीतला शब्द बदलणे ही किरकोळ बाब नसते. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, न्यायालयातील समन्स या सगळ्यांवर तो शब्द माणसाच्या पुढे चालतो. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, राजांचे ज्येष्ठ सहकारी आणि पुढे प्रतिस्पर्धी ठरलेले रेट्टैमलै श्रीनिवासन यांनी सार्वजनिक रस्ते, विहिरी आणि इमारती सर्वांना खुल्या असल्याचा ठराव याच सभागृहात मांडला. मुंबईत रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा आहे. दोन्ही इलाख्यांत एकाच सुमारास तीच मागणी त्याच भाषेत उठत होती. ठराव कागदावरच राहण्याची रीतही दोन्हीकडे तीच. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये जावे लागले ते त्यामुळेच.

जस्टिस पक्षाशी राजांचे फार काळ जमले नाही, आणि हा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट समजून घेण्यासारखा आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात पेरंबूरच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांत संप झाला. सवर्ण हिंदू आणि मुस्लिम कामगार संपावर राहिले, आदि-द्रविड कामगारांपैकी बरेच जण कामावर गेले. हातावर पोट असलेल्या वस्तीला महिनोन् महिने पगार बुडवणे परवडण्यासारखे नव्हते. त्यातून पुळियांतोप भागात दंगली पेटल्या, झोपड्या जळल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. राजांनी आपल्या लोकांची बाजू घेतली. जस्टिस पक्षाच्या काही धुरिणांनी मात्र सरकार या लोकांचे फाजील लाड करते असा आरोप केला आणि त्यांना शहराबाहेर हलवावे अशी भाषा केली. ब्राह्मणेतर ही छत्री आपल्यासाठी किती रुंद आहे, याचे उत्तर राजांना त्या वर्षी मिळाले. १९२१ मध्येच पक्षाच्या सरकारने नोकऱ्यांतील जातवार प्रतिनिधित्वाचा प्रसिद्ध आदेश काढला. त्याचा लाभ कोणाच्या वाट्याला जातो आहे, हेही त्यांना दिसत होते. १९२३ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले. १९२५ मध्ये त्यांनी आपल्या समाजाची कैफियत मांडणारे ‘द ऑप्रेस्ड हिंदूज’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या नावात त्यांनी आपल्या लोकांना हिंदू म्हटले आहे, ही गोष्ट पुढच्या घडामोडींच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी.

१९२६ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलितवर्गीय संघटना स्थापन झाली आणि राजा तिचे अध्यक्ष झाले. वऱ्हाड-नागपूरकडचे ग. आ. गवई हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. पुढल्या वर्षी राजांची केंद्रीय विधिमंडळावर नेमणूक झाली. दिल्लीतील वर्तुळाकार संसद भवनाचे उद्घाटन जानेवारी १९२७ मधले. आज संविधान सदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत अस्पृश्य समाजाचा पहिला माणूस सदस्य म्हणून बसला तो हा मद्रासी शिक्षक. तेथे ते दहा वर्षे होते. सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार टाकला, तरी कमिशनच्या सोबतीला सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय मध्यवर्ती समितीचे सदस्यत्व राजांनी स्वीकारले. तिथे आणि त्यानंतरही काही काळ त्यांची मागणी स्पष्ट होती: अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत.

मग १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेची निमंत्रणे निघाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर आणि रेट्टैमलै श्रीनिवासन यांना बोलावणे आले. अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष आणि केंद्रीय विधिमंडळातील अस्पृश्यांचा आवाज असलेल्या राजांना ते आले नाही. ही उपेक्षा त्यांच्या जिव्हारी लागली. राजांच्या पुढच्या भूमिकेचे सारे स्पष्टीकरण या मानभंगात शोधणारे लेखक पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाला ते अपुरे वाटते, पण त्याचा वाटा नाकारताही येत नाही. राजकारणात तत्त्व आणि दुखावलेपण यांची गाठ इतकी घट्ट बसते की ती सोडवून दाखवणे इतिहासकारालाही जमत नाही.

१९३२ च्या प्रारंभी राजांनी हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांच्याशी करार केला. मुंजे हे नेत्रवैद्य, बोअर युद्धात डॉक्टर म्हणून जाऊन आलेले, गोलमेज परिषदेचे प्रतिनिधी आणि पुढे नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक. कराराचा आशय दोन वाक्यांत मावतो. अस्पृश्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाव्यात. मतदारसंघ मात्र संयुक्त असावेत, म्हणजे राखीव जागेवरचा उमेदवार अस्पृश्य असला तरी त्याला मते सगळ्यांनी द्यावीत. हा मजकूर ब्रिटिश पंतप्रधानांना कळवण्यात आला. कालपर्यंत स्वतंत्र मतदारसंघ मागणारा पुढारी एकाएकी उलट बाजूला गेल्याने देशभर खळबळ उडाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात नागपूरजवळ कामठीला अस्पृश्यांची मोठी परिषद भरली आणि तिने राजा-मुंजे करार धुडकावून आंबेडकरांच्या मागे उभे राहण्याचा निर्णय केला. परिषदेचे अध्यक्ष मुनिस्वामी पिल्लई हे मद्रास इलाख्यातलेच होते. राजांविरुद्धचा कौल त्यांच्याच मुलखातल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली, मुंजे यांच्या नागपूरच्या वेशीवर दिला गेला.

राजांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्या हिशेबात तथ्य होते. मद्रासच्या खेड्यांत आदि-द्रविड हा मिरासदाराच्या शेतावर राबणारा मजूर. राहायला जागा मालकाची, पाणी मालकाच्या मर्जीने. अशा माणसाला स्वतंत्र मतदारसंघातून निवडून आलेला प्रतिनिधी मिळाला, तरी गावातल्या मालकाला त्या प्रतिनिधीची गरज कधीच पडणार नाही. सवर्ण उमेदवाराला अस्पृश्याच्या दारात मतासाठी यावे लागले तरच काही बदलेल, असा संयुक्त मतदारसंघामागचा विचार होता. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हा मुद्दा महत्त्वाचा. ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि दुहेरी मत दिले खरे, पण प्रांतिक विधिमंडळांतील त्यांच्या जागा सर्व मिळून ७१ होत्या. मद्रासच्या वाट्याला १८, मुंबईच्या वाट्याला १० आणि पंजाबात एकही नाही.

पुढचा इतिहास मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. २० सप्टेंबरला गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला करार झाला. जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. मद्रासला ३०, सिंधसह मुंबईला १५. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या जागी दोन टप्प्यांची पद्धत आली: आधी अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडायचे, मग त्यांतून एकाला सर्वांनी मिळून निवडायचे. करारावर आंबेडकरांची सही आहे, श्रीनिवासन यांची आहे, राजांची आहे, आणि राजांच्या बाजूने उभे राहिलेले आपले नामवंत फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांचीही आहे. हेच बाळू १९३७ मध्ये मुंबईत आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार झाले आणि पराभूत झाले.

वाटाघाटींत आंबेडकरांना ज्या कोंडीत सापडावे लागले, तिचा एक पदर राजा-मुंजे करार हाच होता. अस्पृश्यांच्याच एका अखिल भारतीय नेत्याने संयुक्त मतदारसंघ मान्य केले आहेत, हे विरुद्ध पक्षाला दाखवता येत होते. म्हणून महाराष्ट्रातील आंबेडकरी परंपरेत राजांचे नाव कटुतेने घेतले जाते. ती कटुता अकारण नाही. मात्र कथा तिथे थांबवली तर राजांवर आणि आपल्या आकलनावरही अन्याय होतो, कारण त्यांच्या कारकिर्दीचा खरा धडा त्यानंतरच्या सहा वर्षांत आहे.

येरवड्यानंतर सवर्ण हिंदू आपला शब्द पाळतील, या विश्वासावर राजांनी सगळे पणाला लावले होते. पहिला प्रत्यय केंद्रीय विधिमंडळात आला. सी. एस. रंगा अय्यर यांनी मंदिरप्रवेशाचे विधेयक मांडले होते आणि राजा त्याचे समर्थक होते. आंबेडकरांनी १९३३ मध्येच त्याला पाठिंबा नाकारला होता. ऑगस्ट १९३४ मध्ये, केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुका तोंडावर असताना, काँग्रेसने पाठबळ काढून घेतले आणि विधेयक मागे घेण्यात आले. मंदिराचा प्रश्न मतपेटीजवळ आला की जड होतो, हे तेव्हाच दिसले.

दुसरा प्रसंग मुंजे यांच्यासंबंधीचा. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. धर्मांतर शीख धर्मात व्हावे, म्हणजे हिंदू संस्कृतीची हानी टळेल, अशी योजना मुंजे यांनी आखली आणि १९३६ च्या जून महिन्यात राजांना गुप्त पत्र लिहून संमती मागितली. राजांनी ती साफ नाकारली आणि ऑगस्टमध्ये पत्रव्यवहारच प्रसिद्ध करून टाकला. अस्पृश्य हे हिंदू आहेत या आधारावर त्यांनी १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ सोडले होते. आता तोच हिंदू नेता अस्पृश्यांनी दुसरीकडे जावे म्हणून सह्या गोळा करू लागला, तर करार कोणाशी आणि कशासाठी केला होता, हा राजांचा प्रश्न बिनतोड होता. राजा-मुंजे ही जोडी अशी चार वर्षांत फुटली.

१९३७ च्या निवडणुकीत मद्रासेत काँग्रेसला प्रचंड बहुमत मिळाले, पण पक्षाने सत्ता स्वीकारण्यास आधी नकार दिला. त्या मधल्या काळात, १ एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत, कूर्मा वेंकट रेड्डी नायडू यांचे हंगामी मंत्रिमंडळ होते. राजा त्यात विकासमंत्री होते. साडेतीन महिन्यांच्या मंत्रिपदात करण्यासारखे फारसे नसते. १४ जुलैला राजाजींचे काँग्रेस सरकार आले. त्यात मंत्री झाले कामठी परिषदेचे अध्यक्ष मुनिस्वामी पिल्लई. संयुक्त मतदारसंघांना विरोध करणाऱ्या परिषदेचा अध्यक्ष काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेला आणि संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कर्ता विरोधी बाकावर बसला.

तरीही विधिमंडळातील राजांचे सर्वांत भरीव काम याच बाकावरून झाले. १९३८ मध्ये त्यांनी मांडलेल्या विधेयकातून मद्रासचा नागरी अपात्रता निवारण कायदा झाला. रस्ते, विहिरी, वाहने आणि सार्वजनिक संस्था यांपासून अस्पृश्यांना दूर ठेवणारी कोणतीही रूढी न्यायालयाने किंवा सार्वजनिक अधिकाऱ्याने मान्य करू नये, असे त्या कायद्याने ठरवले. १९२४ च्या ठरावात नसलेले बळ आता कायद्याला होते. राजाजींच्या सरकारने या विधेयकाला साथ दिली. मंदिरे मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

म्हणून राजांनी दुसरे विधेयक आणले, मंदिरप्रवेशाचे. त्रावणकोरच्या महाराजांनी नोव्हेंबर १९३६ मध्ये संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली होती. शेजारच्या संस्थानात जे राजाज्ञेने झाले, ते लोकनियुक्त विधानसभेला अशक्य असण्याचे कारण नव्हते. प्रधानमंत्री राजाजी हे स्वतः अस्पृश्यतानिवारणाचे जुने कार्यकर्ते, पुणे करारावर सही करणारे. राजांची अपेक्षा त्यांच्याकडून होती आणि आधी अनुकूलता दाखवून ऐन वेळी राजाजींनी विधेयक मागे घेण्यास सांगितले, अशी राजांची तक्रार होती. सनातनी मत अजून तयार नाही, आधी मलबार जिल्ह्यापुरता कायदा करून पाहू, असा राजाजींचा पवित्रा होता. राजांनी गांधीजींना पत्र लिहून १९३२ च्या शब्दांची आठवण दिली. राजाजींवर विश्वास ठेवा आणि त्यांच्या सल्ल्याने वागा, असे उत्तर आले. राजांनी विधेयक मागे घेतले नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये सभागृहाने ते मोठ्या बहुमताने फेटाळले.

विधानसभेत तेव्हा अस्पृश्यांसाठी राखीव अशा ३० जागा होत्या. जातीय निवाड्याच्या १८ ऐवजी ३०, ही राजांच्या भूमिकेची कमाई. त्या जागांवरील बहुतेक सदस्य संयुक्त मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते आणि पक्षशिस्तीने बांधलेले होते. अस्पृश्यांना देवळाचे दार उघडणाऱ्या विधेयकावर त्यांचा राजांना उपयोग झाला नाही. सात वर्षांनी आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात राजांचा हा अनुभव साक्षीला काढला आहे. विधानसभेची बैठक त्या काळात मद्रासच्या बँक्वेटिंग हॉलमध्ये भरत असे. स्वातंत्र्यानंतर त्या वास्तूला राजाजी हॉल असे नाव दिले गेले.

पुढे मलबारचा कायदा झाला. जुलै १९३९ मध्ये मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने हरिजनांनी प्रवेश केला, आणि प्रवेश घडवणाऱ्यांना कायदेशीर संरक्षण देण्यासाठी राजाजींनी तातडीने वटहुकूम व मग कायदा आणला. राजाजींना ते करता येत होते, असा त्याचा अर्थ. विरोधी बाकावरच्या माणसाच्या नावाने ते होऊ द्यायचे नव्हते की खरोखर वर्षभरात लोकमत बदलले, हे वाचकांनी ठरवावे. संपूर्ण मद्रास प्रांतासाठी मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला. मुंबई प्रांताचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले तेही त्याच वर्षी.

शेवटच्या वर्षांत राजा पुन्हा आंबेडकरांच्या जवळ आले. मार्च १९४२ मध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले असता दोघेही त्यांना भेटले. त्यांनी एका सुरात सांगितले की, या योजनेत अस्पृश्यांना संरक्षण नाही. एकत्र येऊन असे निवेदन करायला येरवड्यानंतर साडेनऊ वर्षे जावी लागली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तेव्हा अध्यक्षपद मद्रासच्या एन. शिवराज यांच्याकडे गेले. मद्रास आणि नागपूर यांच्यातला १९२६ पासूनचा धागा असा नव्या पिढीकडे आला. शिवराज पुढे रिपब्लिकन पक्षाचेही पहिले अध्यक्ष झाले.

पुणे करारातील चार उमेदवारांची प्राथमिक निवडणूक स्वतंत्र भारताच्या संविधानाने ठेवली नाही. उरली ती राजा-मुंजे करारातली मूळ रचना: राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, मतदार सर्व. तमिळनाडूच्या २३४ जागांपैकी ४४ आणि महाराष्ट्राच्या २८८ पैकी २९ जागा आज अनुसूचित जातींसाठी याच पद्धतीने राखीव आहेत. तेथून निवडून आलेला सदस्य सभागृहात समाजाचा की पक्षाचा, हा वाद दोन्ही राज्यांत प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने निघतो. राजांनी त्या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच आयुष्यात अनुभवली होती.

२० ऑगस्ट १९४३ रोजी परंगीमलै येथे राजांचे निधन झाले. राजाजी हॉल शहराच्या मध्यभागी, अण्णा सालईजवळ आहे. तेथून दक्षिणेला जाताना सैदापेट लागते. तेथे आदि-द्रविड विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन वसतिगृह आहे, त्याला एम. सी. राजा यांचे नाव आहे.